तक्रारवहीचे पहिले पान

संस्थेत त्यांना तोंडावर सगळे ‘भाऊसाहेब’ म्हणत आणि पाठीमागे ‘पानक्रमांक’. हे दुसरे नाव त्यांच्या कानावर आले होते. त्याचे त्यांना वाईट वाटले नव्हते. फक्त ते अपुरे वाटले होते. कारण भाऊसाहेब वहीला नुसते पानक्रमांक देऊन थांबत नसत. नवी वही आली की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उजव्या कोपऱ्यात लाल शाईने आकडे घालायचे, मग मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस ‘या वहीत एकूण दोनशे पाने असून ती मी स्वतः मोजली आहेत’ असे लिहून सही करायची, गोल शिक्का अर्धा सहीवर आणि अर्धा कागदावर येईल असा मारायचा, आणि मगच वही वापरात काढायची, असा त्यांचा सव्वीस वर्षांचा परिपाठ होता.

संस्था लहान होती. विजेची जोडणी, नळजोडणी, वेल्डिंग आणि शिवण असे चार अभ्यासक्रम, दुमजली इमारत, मागे पत्र्याची कार्यशाळा. शिकायला येणाऱ्यांत शाळा नुकतीच सोडलेले असत, तसे एक नोकरी सुटल्यावर चाळिशीत दुसरी विद्या धरणारेही असत. भाऊसाहेब संस्थेचे अभिलेखपाल, आणि त्यांची खोली जिन्याखाली होती. तिच्यात सात लोखंडी कपाटे होती, सातांवर सात आकडे होते आणि सातांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या.

दरवर्षी वर्षअखेरीस नियामक मंडळाकडे वार्षिक अनुपालन अहवाल जाई. सोळा कलमे आणि प्रत्येक कलमाला पुरावा. शिकवणारा शिकवण्यास पात्र आहे याचा कागद, शिकणारा हजर होता याचा कागद, यंत्र चालू आहे याचा कागद. संस्था शिकवते हे संस्था शिकवते एवढ्याने सिद्ध होत नाही, ते कागदाने सिद्ध व्हावे लागते, असे मंडळाचे म्हणणे होते, आणि भाऊसाहेबांचे तेच म्हणणे मंडळ स्थापन होण्याच्या आधीपासून होते. त्यामुळे त्यांचा वैताग मंडळावर कधीच नव्हता. तो होता आपल्या माणसांवर.

गेल्या वर्षी अहवालावर शेरा आला होता. वेल्डिंगच्या मास्तरांनी आपला चामडी एप्रन वर्षभर अग्निशामक नळकांड्यावर अडकवला होता. तपासनीसाने एप्रन दोन बोटांनी उचलला आणि खाली नळकांड्याची मुदत संपून चार महिने झाल्याचे निघाले. सलग दोन वर्षे शेरा आला तर पुढचे वर्षभर नवे प्रवेश बंद, असा नियम होता. प्रवेश बंद म्हणजे वर्षावर्षाच्या करारावर असलेली दोन माणसे सरळ घरी: एक हे मास्तर, ज्यांना सत्तावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोणी उभे केले नसते, आणि दुसऱ्या शिवणाच्या बाई, ज्यांच्या एकटीच्या पगारावर घरातली पाच माणसे होती. म्हणजे या दोघांनी तरी भाऊसाहेबांना डोळ्यांत तेल घालून मदत करावी अशी अपेक्षा होती. तसे मुळीच घडत नव्हते.

“मास्तर, ही टाचणवही,” भाऊसाहेब वही दोन बोटांत धरून म्हणाले. “रोजच्या रोज लिहायची असते. तुम्ही बारा महिन्यांचं टाचण एका शाईत, एका बैठकीत उरकलंय.”

“पेन टिकाऊ निघालं, भाऊसाहेब.”

“आणि दर दिवशी शेवटी ‘विद्यार्थ्यांना समजले’. एकही दिवस असा नाही का, की नाही समजलं?”

“समजलंच होतं हो. नसतं समजलं तर छप्पर पेटलं असतं की!”

शिवणाच्या बाईंचा हजेरीपट याच्या उलट. त्याला त्यांनी सुरेख कापडी वेष्टन शिवले होते, वर बटणही होते. मात्र आत हजेरीच्या रकान्यांतून बाह्यांची आणि छातीची मापे उतरवलेली होती.

“बाई, मंगळवारी तुमच्या वर्गात साडेबावीस जण हजर होते.”

“ती बाही आहे, भाऊसाहेब.”

“हे तपासनीसाला मी सांगायचं?”

“त्यात काय? तुम्ही सांगितलंत तर पटेल त्यांना. माझ्या तोंडून पटणार नाही,” बाई म्हणाल्या, आणि वेष्टनाचे बटण लावून निघून गेल्या.

सर्वांत मोठे प्रकरण मास्तरांच्या पात्रता-प्रमाणपत्राचे झाले. त्याची प्रत गतवर्षीच्या फायलीत पुसट आली होती. ताजी प्रत हवी होती. मास्तर आठ दिवस ‘उद्या आणतो’ म्हणत राहिले आणि नवव्या दिवशी पिशवीतून दीड हात लांबीची लोखंडी चौकट घेऊन आले. आत काच, काचेमागे प्रमाणपत्र.

“कागद काढून द्या,” भाऊसाहेब म्हणाले.

“निघत नाही.”

“म्हणजे?”

“चौकट मीच केली ना. चारी बाजूंनी वेल्ड मारलाय. आई म्हणाली होती, आयुष्यात एकच कागद मिळवलायस, नीट ठेव. ठेवला.”

“मग कापा!”

“कापली तर काच जाईल, काच गेली तर कागद फाटेल, आणि कागद फाटला तर मी कोण?”

अखेर ती चौकट उचलून झेरॉक्सच्या यंत्रावर पालथी ठेवण्यात आली. यंत्राचे झाकण लागेना, म्हणून शिवणाच्या बाईंनी वरून काळे कापड अंथरले. तिसऱ्या प्रयत्नात प्रत आली. तिच्यात प्रमाणपत्र होते, चारी बाजूंचे वेल्ड होते आणि कोपऱ्यात मास्तरांचा अंगठाही होता. वेल्ड मात्र उत्तम होते. पात्रतेचा तोच खरा पुरावा, असे भाऊसाहेबांच्या मनात येऊन गेले. अहवालात तसा रकाना नव्हता.

अशा रीतीने रडतखडत अकरा कलमे झाली आणि बारावे आले. ते तक्रारींचे होते. तिथे पोचताच भाऊसाहेबांचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा सैल झाला. हे कलम त्यांचे होते. तक्रारवही अकरा वर्षांपूर्वी वापरात काढली होती, दोनशे पाने लाल शाईने क्रमांकित होती, आणि त्या दोनशेंपैकी एकाही पानावर एकही अक्षर नव्हते. त्यांनी रकान्यात ठसठशीत ‘निरंक’ लिहिले, आणि शाई वाळेपर्यंत त्याकडे पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य मंडळाच्या सभेवरून परतले. प्राचार्य हा मुळात भला माणूस, पण सभेहून आला की त्याच्या तोंडात स्वतःचे एक वाक्य उरत नसे.

“भाऊसाहेब, निरंक चालत नाही!”

“काय चालत नाही?”

“निरंक. यंदापासून नवं आहे. तक्रार एकही नाही, याचा अर्थ तक्रार करायची सोयच नाही, असा धरणार. सरळ शेरा. सभेत तीनदा सांगितलं त्यांनी.”

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे मी संस्था नीट चालवली हा गुन्हा?”

“तसं नाही हो. त्यांचं म्हणणं, इतकी माणसं, इतकी यंत्रं, आणि अकरा वर्षांत कुणाला कसलाच त्रास नाही? मग माणसं घाबरत असतील. नाहीतर वही लपवलेली असेल.”

“वही कपाट क्रमांक चारमध्ये आहे. कुलूपबंद.”

“तेच तर म्हणतायत ते!” प्राचार्य कपाळ चोळत म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, “पाचसहा किरकोळ तक्रारी लिहून टाका ना. वर ‘निवारण केले’ लिहा. सगळीकडे तसंच करतात.”

“सव्वीस वर्षांत,” भाऊसाहेब एकेक शब्द मोजून म्हणाले, “माझी सही खोट्यावर नाही.”

“आणि मास्तर? बाई? त्यांना घरी पाठवायचं का तुमच्या सहीसाठी?”

भाऊसाहेब तावातावाने बँकेच्या कामासाठी बाहेर पडले, आणि त्या तिरीमिरीत सव्वीस वर्षांत पहिल्यांदा किल्ल्यांचा जुडगा टेबलावर विसरले.

तासाभराने परत आले तेव्हा तक्रारवही टेबलावर उघडी होती. चहाचे तीन रिकामे पेले होते. मास्तर, बाई आणि प्राचार्य असे तिघेही तिथे, एखादे पुण्यकर्म उरकल्याच्या समाधानात बसले होते.

“झालं तुमचं काम,” मास्तर म्हणाले. “तुमची सही राहू द्या निर्मळ. आम्हीच लिहिल्या.”

भाऊसाहेबांनी उभ्याउभ्या वाचायला सुरुवात केली. पान एक: ‘पिण्याचे पाणी जरा जास्तच थंड असते.’ निवारण केले. ‘वेल्डिंगचे मास्तर जीव तोडून शिकवतात, त्यामुळे घरी जायला उशीर होतो.’ निवारण केले. पान दोन: ‘शिवणवर्गातल्या सुया फार बारीक आहेत.’ निवारण केले. ‘खिडकीतून ऊन येते.’ निवारण केले. पान तीन: ‘खिडकीतून ऊन येत नाही.’ निवारण केले.

“ऊन आणलंत कुठून?” भाऊसाहेबांनी विचारले.

“खिडकी वेगळी आहे ती,” बाई म्हणाल्या.

“आणि या तारखा? पाचांपैकी दोन आठवडी सुट्टीच्या. एका दिवशी वायरिंग जळाली म्हणून इमारतीला टाळं होतं. चौथ्या तक्रारीखाली जिची सही केलीत ती मुलगी त्यानंतर दोन महिन्यांनी दाखल झाली. आणि मास्तर, तुमच्याविरुद्धची तक्रार तुमच्याच अक्षरात आहे!”

“मला वाटलं, माझ्याविषयी लिहायचं तर निदान खरं कुणीतरी लिहावं.”

“पानं फाडून टाका,” प्राचार्य घाईने म्हणाले. “तीनच पानं आहेत.”

भाऊसाहेबांनी वही त्यांच्यासमोर सरकवली आणि कोपऱ्यातल्या लाल एक, दोन, तीनवर बोट ठेवले. मग मुखपृष्ठ उलटले. ‘एकूण दोनशे पाने.’ सही. अर्धा शिक्का सहीवर, अर्धा कागदावर.

“हे कुणी केलं?” प्राचार्यांनी हताशपणे विचारले.

“मी,” भाऊसाहेब म्हणाले.

खोटे ठेवता येत नव्हते आणि काढताही येत नव्हते. अहवाल पाठवायला सहा दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी घरी भाऊसाहेबांचा पारा एवढा चढलेला होता, की त्यांनी चप्पलसुद्धा नेहमीच्या जागी ठेवली नाही. पत्नी वाळलेले कपडे घडी करत होती. त्यांनी तिला सगळे आद्योपांत ऐकवले. थंड पाणी, बारीक सुया, न येणारे ऊन, काही सोडले नाही.

“अकरा वर्षांत एक तक्रार नाही,” ते म्हणाले, “याचं कौतुक राहिलं बाजूला!”

“अहो, तुमच्याकडे तक्रार होणार कशी?”

“म्हणजे काय? मी काय कुणाला खातो?”

“खात नाही. ‘बघतो’ म्हणता.”

“मग बघतोच की! बघत नाही का?”

“बघता. तेच सांगतेय.” तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. “मागे मी म्हणाले, ओट्यावरचा नळ गळतो. पुढचं ऐकायच्या आत तुम्ही पाना घेऊन ओट्याखाली. गळती थांबली. पण मला सांगायचं होतं, की तो नळ मुळात चुकीच्या अंगाला बसवलाय. भांडं धरलं की मनगट भिंतीला घासतं. ते वाक्य पुरं झालंच नाही. चौदा वर्षं झाली.”

“मग पुन्हा सांगायचं.”

“सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘आता गळत नाही ना?’”

भाऊसाहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि त्यांच्या लक्षात आले, की जिभेवर ‘बघतो’ हाच शब्द आलेला आहे. त्यांनी तोंड मिटले आणि उठून चप्पल जागेवर ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात तासभर आधी गेले आणि टेबलावरची दैनंदिनी उघडली. ही काही नोंदवही नव्हती. तिला पानक्रमांकही नव्हते. दिवसभरात करायची कामे ते तिच्यात दोनतीन शब्दांत टिपत आणि काम झाले की पुढे बरोबरची खूण करीत. आजवर तिच्याकडे त्यांनी पुरावा म्हणून पाहिलेच नव्हते. आता वर्षाच्या पहिल्या दिवसापासून वाचू लागल्यावर त्यांच्या कपाळाला घाम आला. ‘वीज वर्ग, पंखा, धक्का बसतो.’ खूण. ‘वेल्डिंग, टोप मोठे, मुलींच्या डोळ्यांवरून घसरतात.’ खूण. ‘शिवण, यंत्र ६, पट्टा.’ खूण. प्रत्येक ओळीमागे त्यांना माणूस आठवत होता. कोणीतरी दारात उभे राहून “तक्रार लिहायची होती” म्हणाले होते, आणि प्रत्येकाला त्यांनी बसवून, पाणी देऊन, एकच वाक्य ऐकवले होते: “लिहायची काही गरज नाही, मी बघतो.”

ते त्यांनी बघितलेही होते. त्रेचाळीस ओळी, बेचाळीस खुणा.

खूण नसलेली एक ओळ आठ महिन्यांपूर्वीची होती. ‘नळ वर्ग, महिला, कपडे बदलणे. बघतो.’

ती बाई त्यांना स्पष्ट आठवली. ती पूर्वी बसमध्ये तिकिटे फाडत असे, म्हणून वर्गात तिला सगळे कंडक्टरबाई म्हणत. नळजोडणीच्या वर्गात पाच बायका होत्या. सराव म्हटला की पाण्याचा फवारा अंगावर येणारच. आणि भिजलेल्या कपड्यांनी त्या एकामागून एक तीन हात रुंदीच्या स्वच्छतागृहात जाऊन कपडे बदलत, नाहीतर तशाच ओल्या घरी जात. नियमाप्रमाणे संस्थेत ‘महिला वस्त्रबदल कक्ष’ होता. दारावर पाटीही होती. भाऊसाहेब त्या दिवशी खरोखर बघायला गेले होते. दार उघडले होते. आत जमिनीपासून छतापर्यंत सव्वीस वर्षांचे हजेरीपट, टाचणे आणि उत्तरपत्रिका, दोरीने बांधून, आकडे घालून, वर्षवार लावलेल्या होत्या. त्यांच्याच हाताने लावलेल्या. नियम सात वर्षे जपून ठेवा म्हणत होता. भाऊसाहेबांनी सगळेच जपले होते. त्यांनी गठ्ठ्यांकडे पाहिले होते, समाधानाने पाहिले होते, आणि दार लावून घेतले होते.

त्यांनी अहवालाचा मसुदा ओढला आणि कलम चार काढले. ‘महिलांसाठी स्वतंत्र वस्त्रबदल कक्ष: आहे.’ खाली त्यांची सही. गेल्या वर्षीच्या प्रतीत तेच. त्याच्या आदल्या वर्षीही तेच. सव्वीस वर्षांत खोट्यावर नसलेली ती सही त्यांनी किमान नऊ वर्षांच्या प्रतींवर मोजली, आणि मग मोजायचे थांबवले.

वर्ग भरल्यावर त्यांनी कंडक्टरबाईंना बोलावून घेतले. त्या कोपरापर्यंत भिजलेल्या बाह्यांनी, हातात पाना घेऊन आल्या.

“बसा.”

“ओली आहे मी. खुर्ची भिजेल, मग तुम्ही त्याचीही नोंद करत बसाल.”

“आठ महिन्यांपूर्वी तुम्ही...”

“तक्रार लिहायला आले होते. वही दिली नाहीत, पाणी दिलंत. भिजलेल्या बाईला पाणी!”

भाऊसाहेबांनी तक्रारवहीचे चौथे पान उघडून त्यांच्यापुढे ठेवले. “लिहा.”

“आता का? तुमच्या अहवालाला पाहिजे म्हणून?”

खोटे बोलण्याचा मोह क्षणभर झाला. “होय,” ते म्हणाले. “आणि तेव्हाच लिहून घ्यायला हवी होती म्हणूनही.”

कंडक्टरबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिले. “कुणाविरुद्ध लिहू?”

“त्या खोलीत कागद कुणाचे आहेत?”

“तुमचे.”

“मग माझ्याविरुद्ध. हुद्द्यासकट. तारीख मात्र आजची घाला. आठ महिन्यांपूर्वी आले होते आणि लिहू दिलं नाही, हे आत लिहा.”

कंडक्टरबाईंनी पाना टेबलावर ठेवला, कानामागचे पेन काढले आणि लिहायला सुरुवात केली. भाऊसाहेब ते लिहिणे पाहत होते आणि त्यांचा जीव कासावीस होत होता. आशयामुळे नव्हे, तर अक्षर समासात शिरत होते म्हणून.

“समास सोडा,” अखेर त्यांच्या तोंडून निघालेच.

“जागा रिकामी आहे की. बसमध्ये मी अशी जागा सोडली असती तर निम्मी माणसं रस्त्यावर राहिली असती.”

दीड पान झाले. मग त्यांनी सही केली, पाना उचलला आणि दारातून म्हणाल्या, “वाचून घ्या. शुद्धलेखन सुधारू नका.”

प्राचार्यांनी ते दीड पान दोनदा वाचले. “हे तुम्ही मंडळाला दाखवणार?”

“हे, आणि हेही.” भाऊसाहेबांनी पहिली तीन पाने दाखवली. पाचही खोट्या तक्रारींवर लाल रेघ होती आणि प्रत्येकीखाली ‘बनावट नोंद, रद्द’ अशी सही होती. पाचव्या पानाच्या मध्यापासून पुढे बेचाळीस जुन्या तक्रारी दैनंदिनीतून उतरवलेल्या, प्रत्येकीवर ‘विलंबाने नोंद’ असे लिहिलेले, सोबत दुरुस्तीची पावती किंवा कारागिराच्या भेटीची चिठ्ठी. “खुलाशाचं पत्र लिहिलंय. तक्रारी आल्या, लिहून घेतल्या नाहीत, चूक अभिलेखपालाची. आणि कलम चार गेली किमान नऊ वर्षं खोटं होतं, हेही.”

“अहो, आपल्या हातांनी शेरा ओढवून घेताय तुम्ही! मास्तरांचं काय? बाईंचं काय?”

“खोट्या पानांवर शेरा नक्की आहे. खऱ्यावर निदान ठाऊक नाही.” मग ते वैतागून म्हणाले, “आणि पान फाडता येत असतं तर मीही कदाचित फाडलं असतं. ती सोय मी ठेवलेली नाही.”

उरलेले चार दिवस कार्यालयात कोणी बसून चहा प्यायले नाही. एकोणीस वर्षांचे गठ्ठे खोलीतून निघाले. कोणते नष्ट केले याची यादी भाऊसाहेबांनी अर्थातच केली आणि तिलाही पानक्रमांक घातले. उरलेल्या सात वर्षांच्या गठ्ठ्यांसाठी सातवे कपाट रिकामे झाले. मास्तरांनी कपडे अडकवायला भिंतीत लोखंडी पट्टी बसवून तिच्यावर बारा आकडे वेल्ड केले; त्यांवर एक माणूस लोंबकळला असता तरी ते हलले नसते. शिवणाच्या बाईंनी खिडकीला पडदा शिवला आणि त्याचे माप या वेळी हजेरीपटात न लिहिता वेगळ्या कागदावर लिहिले. शेवटच्या दिवशी प्राचार्यांनी जवळजवळ डोळे मिटून सही केली, तिच्याखाली भाऊसाहेबांनी आपली केली, आणि अहवाल गेला.

पाच आठवडे कोणाचे लक्ष कशात नव्हते. मास्तर रोज दुपारी जिन्याखाली डोकावून “आलं का?” विचारत आणि भाऊसाहेब रोज “आलं की दवंडी पिटतो” म्हणून चिडत. शिवणाच्या बाईंनी विचारणे सोडून दिले होते. त्या नुसत्या दारावरून दोनदा जात. मग एका दुपारी पाकीट आले. भाऊसाहेबांनी ते कात्रीने सरळ रेषेत कापले. तोवर दारात तिघेही जमले होते.

“वाचा ना मोठ्यानं,” मास्तर म्हणाले.

“‘कलम चार व बारा. विलंबाने केलेल्या नोंदी, रद्द नोंदी व खुलासा पाहिला. कक्षाची छायाचित्रे पाहिली. खुलासा मान्य. शेरा नाही.’”

बाईंनी शेवटचे दोन शब्द त्यांना पुन्हा वाचायला लावले. मास्तर वळले आणि कार्यशाळेकडे चालू लागले; दोन पावलांवर थांबून त्यांनी बाहीने तोंड पुसले. प्राचार्य “नवे प्रवेश सुरू, नवे प्रवेश सुरू” असे स्वतःशीच म्हणत जिना चढले.

भाऊसाहेब मात्र अजून वाचत होते, कारण खाली आणखी एक ओळ होती. ‘सूचना: अभिलेखपालाने तक्रार लिहून घेण्यापूर्वी तिचे निवारण करू नये.’ त्यांनी ती दोनदा वाचली. सव्वीस वर्षांच्या चाकरीत त्यांना मिळालेली ही पहिली लेखी सूचना होती, आणि तिला क्रमांकसुद्धा नव्हता.

“भाऊसाहेब, वही द्या.”

दारात कंडक्टरबाई उभ्या होत्या, या वेळी कोरड्या कपड्यांत.

“आता काय झालं?”

“कक्षाच्या दाराची कडी बाहेरून बसवलीय. आत कपडे बदलायचे आणि बाहेरून कुणी कोंडायचं, अशी सोय आहे.”

भाऊसाहेब निम्मे उठले. खणात पेचकस होता; दोन मिनिटांचे काम. मग त्यांनी हातातल्या पत्राकडे पाहिले, दात आवळले आणि परत खाली बसले. चौथ्या कपाटाची वही काढून त्यांनी पुढचे कोरे पान उघडून दिले.

“लिहा.”

त्या लिहू लागल्या. अक्षर पुन्हा समासात शिरले. भाऊसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिले. लिहून झाल्यावर कंडक्टरबाई म्हणाल्या, “कडी मीच बसवते उलटी. पेचकस द्या.”

पेचकस देताना भाऊसाहेब घुटमळले. “एक विचारायचं होतं. ओट्यावरचा नळ एका अंगाहून दुसऱ्या अंगाला नेता येतो का?”

“येतो की. कुणाच्या घरचा?”

“माझ्या.”

“येते रविवारी,” कंडक्टरबाई म्हणाल्या. “पण कुठे हवाय ते मी तुमच्या घरच्या बाईंना विचारणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.”